सुंदरम्माची थांबवलेली परीक्षा

सुंदरम्माबद्दल लिहा, असं आरोही मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. आमच्या केंद्राचं वर्षातून एकदा छोटं पुस्तक निघतं, त्यात नातेवाइकांपैकी कुणीतरी लिहायचं असतं. मी आयुष्यभर होटगी जंक्शनवर पॉइंट्समन होतो. गाडीला वाट करून द्यायची आणि बाजूला उभं राहायचं, एवढंच काम. लिहायची सवय नाही, आणि जे लिहीन ते बरोबर उतरेल याची खात्री नाही. पण तिच्या परीक्षेच्या दिवशी मी त्या खोलीत होतो. जे झालं ते आता जो तो वेगवेगळं सांगतो, म्हणून मी पाहिलं तसं लिहितो. चुकलं असेल तर ज्यांना आठवतं त्यांनी दुरुस्त करावं.

आमचं केंद्र सोलापूर शहराच्या बाहेर, होटगी रोडवरून आत गेल्यावर लागतं. मनाच्या आजारातून सावरलेली, पण घरी एकट्यानं राहू न शकणारी माणसं तिथं राहतात. माझा धाकटा भाऊ बिरुदेव त्यातला एक. सांगोल्याकडं आमची मेंढरं होती. मी रेल्वेत आलो, तो मेंढरांमागं राहिला. मग आजार आला. कधी महिनाभर झोपायचा नाही, बोलत सुटायचा, कळपातली निम्मी मेंढरं कुणालाही देऊन टाकायचा. कधी तितकेच दिवस भिंतीकडं तोंड करून पडायचा. आता एका गोळीनं त्याच्या मनाचा तोल राहतो, आणि सुंदरम्मा त्याच्याशी बोलते म्हणून त्याचा दिवस जातो. निदान मला तसंच वाटत आलंय.

सुंदरम्मा सोलापूरच्या पूर्वभागातल्या विणकर घरातली, घरी तेलुगू बोलणारी. आधी टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायची. कारखाना बंद पडला तेव्हा ती आमच्या केंद्रात झाडलोट करायला आली आणि हळूहळू वॉर्डातल्या माणसांची अक्का झाली. आवाज मोठा. मागांच्या खडखडाटावर बोलायची सवय, ती गेलीच नाही.

"ए बिरू, ऊठ. आंघोळ कर. असा वास मारतोय, तुझी मेंढरं पण पळून जातील."

"मेंढरास्नी माजा वास गोड लागतुया, अक्का."

"मग त्यांच्यापाशीच झोप जा. हितं माणसं राहतात."

बिरुदेव हसत उठायचा आणि आंघोळीला जायचा. मी सांगून, विनवून जे होत नव्हतं ते असं व्हायचं.

पण तिचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. कुणी किती जेवायचं, कुणी कुठं बसायचं, सगळं तीच ठरवायची. प्रियंका नावाची एक मुलगी तिथं आहे, कॉलेजात असताना आजारी पडलेली. तिला केस कापायचे होते. सुंदरम्मानं कापू दिले नाहीत. रोज धरून बसवायची आणि तेल घालायची. प्रियंका रडायची, तरी वेणी घातली जायची. प्रेमानंच, पण घातली जायची.

मग ते प्रशिक्षण आलं. जिल्ह्यातल्या अशा केंद्रांमध्ये काम करणाऱ्यांसाठी होतं. पुण्याहून आरोही मॅडम शिकवायला येत. वयानं माझ्या नातीएवढ्या, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून मग बोलणाऱ्या. त्यांचं सांगणं साधं होतं. आजारातून उठलेल्या माणसाला गोळीइतकीच सोबत लागते, काम लागतं, मान लागतो. त्याच्या वतीनं ठरवू नका. विचारा. तो नाही म्हणाला तर ते नाही धरा.

सुंदरम्माला हे फार जड गेलं. एकदा मी भेटायला गेलो होतो तेव्हा ती तेलाची बाटली हातात घेऊन प्रियंकासमोर उभी होती आणि विचारत होती, "केसांचं काय करायचं, तू सांग." प्रियंकानं सांगितलं. केस खांद्यापर्यंत आले. पुढं बरेच दिवस सुंदरम्मा त्या मुलीच्या मानेकडं बघायचं टाळत होती, पण बोलली काही नाही.

प्रशिक्षणाचा खरंच उपयोग झाला का, हे मदत देणाऱ्या संस्थेला बघायचं होतं. त्यासाठी लेखी पेपर नव्हता. कर्मचारी आपल्या वॉर्डातल्या माणसांबरोबर रोजची बैठक घेणार, आणि तीन परीक्षक भिंतीला बसून बघणार. एक आरोही मॅडम, दुसरे केंद्राचे प्रमुख सिद्धलिंगप्पा सर, आणि तिसरा नातेवाइकांपैकी एक. तो मी. माझाच भाऊ त्या बैठकीत बसतो, मी कसा चालेन, असं मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही हवेत, आप्पा. ती कशी वागते याचा परिणाम तुमच्या घरावर होतो."

पहिल्या फेरीत सुंदरम्मा नापास झाली होती. कुणालाही प्रश्न विचारला की उत्तर तीच द्यायची. "बिरूला बरं हाय, दोन भाकऱ्या खाल्ल्या सकाळी." आता दुसरी फेरी, आणि ती शेवटची.

"नापास झाली तर?" मी सरांना विचारलं होतं.

"मग वॉर्डात ठेवता येणार नाही. स्वयंपाकघर, नाहीतर घर." सर अक्कलकोटकडचे, स्वभावानं मऊ, पण वरून कागद आला की घाबरणारे. "माझ्या हातात असतं तर काय पाहिजे होतं, आप्पा."

प्रशिक्षणाचे कागद मराठीत होते, आणि सुंदरम्माला मराठी वाचता येत नाही. म्हणून दुपारी वरांड्यात प्रियंका वाचायची आणि सुंदरम्मा मागून म्हणायची. मग नुसतं म्हणून काय कळणार, समोर कुणीतरी पाहिजे, म्हणून बाकीची माणसं समोर बसायला लागली. तिनं विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं. उत्तरं कागदावर होतीच, उदाहरणं म्हणून दिलेली. रविवारी भेटायला गेलो की मी हा खेळ बघायचो. मंगळवेढ्याकडची मायाक्का म्हणून एक वयस्क बाई केंद्रात राहते, ती परीक्षक व्हायची.

"अक्का, हाताची घडी नगं घालू. गुण जात्यात."

"बरं बाई, सोडली."

"आन् हसू नगं. त्यो दुक्काचं बोलतुया न्हवं?"

"हा दुःखाचं बोलतोय? बघ की त्याचे दात!"

बिरुदेवच्या वाट्याला वाक्य आलं होतं, 'आज मला बरं वाटतं आहे, पण थोडी काळजी वाटते.' ते म्हणताना त्याला हसू आवरायचं नाही. काळजी म्हणताना तर पोट धरून हसायचा. मीही हसायचो. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

उन्हाळा लागला तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट मला आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना बसवून सांगितली होती. बिरुदेवची गोळी चालू असताना अंगातलं पाणी कमी झालं, तर तीच गोळी अंगात साठून विषासारखी होते. उलटी, हातांची थरथर, चालताना झोकांड्या, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. तेव्हापासून सकाळी पाण्याची फेरी सुरू झाली. ती सुंदरम्माकडं होती. ती प्रत्येकाच्या पलंगापाशी जायची, रात्र कशी गेली विचारायची आणि आपल्या डोळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायला लावायची.

परीक्षेचा दिवस मे महिन्यातला. सकाळीच डांबर मऊ पडलं होतं. मी पोचलो तेव्हा सुंदरम्मा नवी साडी नेसून वरांड्याच्या टोकाला उभी होती आणि भिंतीकडं बघून वाक्यं म्हणत होती. माझ्याकडं लक्षच गेलं नाही तिचं. 

खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सगळी माणसं आंघोळ करून, भांग पाडून आधीच बसली होती. आम्ही तिघं भिंतीला बसलो. मॅडम हळूच म्हणाल्या, "आप्पा, आपण आता भिंत. बोलायचं नाही, मानही हलवायची नाही. नाहीतर ते आपल्याकडं बघून बोलतात."

बैठक सुरू झाली. सुंदरम्मानं सगळ्यांना नमस्कार केला, आज कशावर बोलू या असं विचारलं. तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. प्रियंका म्हणाली, "आपण झोपेबद्दल बोलू या." एकानं सांगितलं, त्याला झोप लागत नाही. सुंदरम्मा म्हणाली, "तुम्हाला त्याचा त्रास होतोय, हे मला समजतंय." एरवी ती म्हणाली असती, दुपारी ढाराढूर झोपतोस, रात्री कशी लागेल. त्या माणसानं मान डोलावली. पुढची बाई बोलली. तिचंही ऐकून घेतलं गेलं. मॅडमचं पेन चालत होतं. सिद्धलिंगप्पा सरांचा चेहरा खुलत चालला होता.

बिरुदेव मायाक्का आणि प्रियंकाच्या मध्ये बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली. परकं कुणी असलं की हातावर बसायची त्याची लहानपणापासूनची सवय, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. समोर चहा आला. सगळ्यांनी घेतला. त्यानं घेतला नाही. मायाक्कानं त्याचा कप उचलून आपल्या खुर्चीखाली ठेवला. ते मात्र मला खटकलं. बिरुदेव चहा सोडणारा माणूस नव्हे. मी मॅडमकडं पाहिलं. त्या सुंदरम्माकडं बघत होत्या. आपण भिंत आहोत, असं मी स्वतःला सांगितलं.

दरम्यान खोलीत काहीतरी बिनसत होतं. मला आधी कळेना काय. मग लक्षात आलं की कुणी कुणाला आडवं बोलत नव्हतं. रोज त्या खोलीत पंख्यावरून भांडण होतं, एकाला वारा हवा असतो, एकाला सोसत नाही. रोज कुणीतरी मध्येच उठून जातं. आज कुणी हललं नाही. ज्याला वारा सोसत नाही तो मुकाट पंख्याखाली बसला होता. माणसं फोटो काढायला बसवल्यासारखी बसली होती.

हे सुंदरम्माच्याही ध्यानात आलं असावं. तिचे शब्द बरोबर येत होते, पण नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जायला लागली. कुणी तिच्याकडं सरळ बघत नव्हतं. ती बिरुदेवपाशी थांबली.

"बिरुदेव, आज तुम्हाला कसं वाटतंय?"

"आज मला," तो म्हणाला आणि थांबला. जीभ जड झाल्यासारखी. "आज मला बरं वाटतं आहे. पण थोडी... थोडी..."

"काळजी वाटते," मायाक्का पुढं म्हणाली.

तो हसला नाही. त्या वाक्यावर तो पहिल्यांदाच हसला नव्हता. सुंदरम्मा खुर्चीच्या कडेला आली.

"बिरू, हे कागदातलं झालं. तुझं बोल."

"ह्येच माजं हाय, अक्का."

"चहा का नाही घेतला?"

"नगं वाटला."

सुंदरम्माचा हात पुढं झाला. ती त्याचे हात ओढून बाहेर काढणार असं मला वाटलं. रोजची सुंदरम्मा असती तर एव्हाना काढले असते. तो हात अर्ध्यात थांबला आणि मागं गेला.

"हात दाखवशील का मला?"

"न्हाय," बिरुदेव म्हणाला.

 मायाक्का खाली बघत होती. प्रियंकाचे ओठ घट्ट मिटलेले. मी मॅडमकडं पाहिलं, त्यांचं पेन थांबलं होतं. त्यांनीच तर शिकवलं होतं, नाही म्हणाला तर ते नाही धरा. आता ओढले तर गेली. सोडून पुढं गेली तर पास. मला मनातून वाटत होतं, पुढं जा बाई, बैठक संपली की मी बघतो त्याचे हात.

सुंदरम्मा उभी राहिली. त्याच्याकडं नाही, आमच्याकडं वळली.

"मॅडम, माझी परीक्षा थांबवा."

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"ही माणसं मला पास करायला बसलीत. मी यांना शिकवून ठेवलंय सगळं. आता यांचं खरं कुठलं आणि माझं कुठलं, मलाच कळंना. तुम्ही लिहीत हितं बसलाय तोवर कोण बोलणार नाही."

"सुंदरम्मा, खाली बस," सर दबल्या आवाजात म्हणाले. "थोडंच राहिलंय. सगळं छान चाललंय."

"छान चाललंय म्हणूनच, सर."

मॅडमनी तिच्याकडं नीट पाहिलं. "थांबवली तर ही फेरी पास धरता येणार नाही. आणि ही शेवटची आहे. माहीत आहे ना?"

"माहीत हाय."

"थांबवली," मॅडम म्हणाल्या आणि वही मिटली.

खरं सांगतो, त्या क्षणी मला सुंदरम्माचा राग आला. हातातलं फेकून देते आहे असं वाटलं. ती गेली तर बिरूचं काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ती परत गोलाकडं वळली. आता तिचा नेहमीचा मोठा आवाज लागला होता.

"झाली परीक्षा. मी नापास झाले. आता मला वाचवायला काय राहिलं नाही. काय दडवलंय ते सांगा."

 मग प्रियंका एकदम रडायलाच लागली.

"बिरूकाका पहाटेपासून ओकतोय, अक्का. पाणीपण पोटात ठरत नाही."

"अय्यो! आणि मला आत्ता सांगता?"

"मीच म्हनलं, सांगू नगा," मायाक्का म्हणाली. "उन्हाचं पित्त असंल. एवढी बैठक होऊ दे, दुपारी सांगू म्हनलं. दवाखान्यात न्यावं लागलं तर हिच्या परीक्षेचं काय? पुसून काढलं मी समदं."

"आणि हात?"

"थरथरत्यात. मीच त्येला म्हनलं, बुडाखाली घे."

मी तोवर उठून त्याच्यापाशी पोचलो होतो. भिंत वगैरे सगळं विसरून. "बिरू, ऊठ," म्हटलं. तो उठला आणि दारूच्या नशेत असल्यासारखा माझ्या अंगावर आला. त्याचे हात मी धरले. धरूनही ते थांबेनात.

मॅडमनी डॉक्टरांना फोन लावला. सर रिक्षा आणायला स्वतः पळाले. रिक्षात बिरुदेव मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सुंदरम्मा. बाहेर उन्हाच्या झळा. बिरुदेवची मान तिच्या खांद्यावर पडली.

"बिरू, डोळे उघडशील का?" ती म्हणाली. तो काही करेना. "उघडशील का जरा?" मग तिचा धीर सुटला. "अरे उघड म्हणते ना!"

त्यानं उघडले. "वरडू नगं," एवढंच म्हणाला. पुन्हा मिटले.

"ओरडणारच," ती म्हणाली. "दवाखाना येईपर्यंत ओरडणार."

आणि खरंच ती सगळ्या वाटेवर ओरडत होती. रिक्षावालासुद्धा घाबरला होता.

दवाखान्यात त्याला आत घेतलं. सलाईन लावलं, रक्त तपासायला गेलं. आम्हाला बाहेर थांबवलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा म्हणाले, गोळीचं प्रमाण रक्तात फार वाढलंय, अजून काही सांगता येत नाही, मूत्रपिंडं किती साथ देतात ते बघू. आणि दुपारपर्यंत आणायचं थांबला असता तर झटके आले असते. मी बाकड्यावर बसलो. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ गावाला. आत जो होता तो माझा शेवटचा माणूस, असं उगाच मनात येत राहिलं.

सुंदरम्मा समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. नव्या साडीवर ओकारीचा डाग पडला होता.

"आप्पा, सकाळची पाण्याची फेरी मी मारली नाही," ती म्हणाली. "वाक्यं विसरतील म्हणून वरांड्यात घोकत बसले. फेरी मारली असती तर तेव्हाच कळलं असतं."

 ती जे सांगत होती ते खरं होतं. बरं वाटावं असं काही म्हणायचं, तर ते खोटं झालं असतं.  उन्हं कलली तेव्हा नर्सनं दार उघडून सांगितलं, पेशंट पाणी मागतोय, लघवी झाली, आता बरं आहे. सुंदरम्मा तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून बराच वेळ तशीच राहिली.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं परीक्षक पुन्हा बसलो. सिद्धलिंगप्पा सर फार चिडले होते. पेशंटना उत्तरं शिकवून ठेवली, ही फसवणूक आहे, संस्थेला काय तोंड दाखवायचं, तिला कामावरून काढावंच लागेल, असं त्यांचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, "तिला वाचता येत नाही, तर ती सराव कसा करणार, हे मी विचारायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं. पण सकाळची फेरी चुकली, ते गंभीर आहे. ते मी झाकणार नाही."

मग दोघं माझ्याकडं बघायला लागले. सर म्हणाले, "तुमचाच भाऊ होता, आप्पा. तुम्ही सांगाल तसं."

चार माणसांत बोलायची मला सवय नाही. मी मॅडमना विचारलं, "तिनं थांबवली नसती, तर पास झाली असती का?"

मॅडमनी वही उघडून पाहिली. "हो," म्हणाल्या. "चांगल्या गुणांनी. बहुतेक जिल्ह्यात पहिली आली असती."

"आणि बिरू तिथंच बसून राहिला असता."

"हो."

"मग मला एवढंच कळतं," मी म्हणालो, "की परीक्षा घ्यायची आपली रीत कुठंतरी चुकतेय. पण पाण्याची फेरी चुकली ते मी सोडून देणार नाही. तो माझा भाऊ आहे. तिला नापासच करा. काढू मात्र नका. पुन्हा परीक्षा घ्या, पण अशा ठिकाणी, जिथं तिला कुणी ओळखत नाही आणि तिच्यावर कुणाची माया नाही."

इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर कपाळ पुसलं. सर म्हणाले, "आणि पुन्हा नापास झाली तर?"

"तर मग काढा," मी म्हणालो. 

असं ठरलं. संस्थेनंही ते मान्य केलं, आणि पुढं सगळ्याच कर्मचाऱ्यांची परीक्षा दुसऱ्या केंद्रात घ्यायची असं मॅडमनी ठरवून घेतलं. सुंदरम्माची वैरागच्या केंद्रात होणार होती. तोवर तिनं वॉर्डात पाऊल टाकायचं नव्हतं.

हे तिला मीच जाऊन सांगितलं. ती स्वयंपाकघरात कणीक तिंबत होती.

"तुम्ही पण नापास म्हणालात?"

"व्हय."

"चांगलं केलं," ती म्हणाली, आणि पुढं कित्येक रविवार माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चहा आणून द्यायची, पण कप असा आदळायची की निम्मा बशीत. बिरुदेव दवाखान्यातून आला होता, वाळून काडी झाला होता. वॉर्डात नवी बाई होती, नियमानं वागणारी, वाईट नव्हती. बिरू तिच्याशी बोलायचा नाही. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसून राहायचा. सुंदरम्मा आतून बोलायची नाही, कारण तिला तसं सांगितलं होतं. वरांड्यातला सराव तिनं बंद करून टाकला होता. प्रियंका कागद घेऊन गेली तर म्हणाली, "नको बाई. मला काही शिकवू नका. तुमचं ऐकून मी आंधळी झाले होते."

ती वैरागला गेली तो दिवस भेटीचा नव्हता, तरी मी होटगीहून आलो. ती सकाळच्या एसटीनं गेली होती. मॅडम तिथंच भेटणार होत्या. इकडं कुणाचं कशात लक्ष नव्हतं. मायाक्का फाटकापाशी जाऊन जाऊन यायची. मी बिरूशेजारी बसलो होतो. मला मीच बोललेलं आठवत होतं, तर मग काढा. हे वाक्य कुणी माझ्या तोंडून काढून घेईल तर बरं, असं झालं होतं.

दुपार कलल्यावर रिक्षा आली. सुंदरम्मा उतरली, पायरीवर बसली आणि चपला काढून पाय चोळायला लागली.

"काय झालं गं?" मायाक्का म्हणाली.

"शिवी खाल्ली," सुंदरम्मा म्हणाली.

"कुणाची?"

"रंभाबाई म्हणून एक म्हातारी हाय तिकडं. मी विचारलं, आज कसं वाटतंय तुम्हाला. तर पाठ फिरवली. म्हणाली, तू कोन गं टवळे मला इचारनारी? चल, नीघ."

"मंग?"

"मग मला लई बरं वाटलं की. म्हटलं, ही खरं बोलतेय. मी म्हणाले, बरं, निघते, पण दाराबाहेर बसते. बसले जाऊन. मॅडम पण येऊन बसल्या लांब. लई वेळ काहीच नाही. मग ती आतून म्हणाली, पोरगा येत न्हाय माजा."

"तू काय म्हणालीस?" प्रियंकानं विचारलं.

"काय म्हणणार? गप्प बसले. येईल म्हणून सांगावं असं जिभेवर आलं होतं, गिळलं. गप्प बसायला मला किती जड जातं ते तुम्हाला माहीत हाय. ती रडली, मग थांबली, मग म्हणाली, दार लोट आन् आत बस."

"अगं पण निकाल काय?" मायाक्का ओरडली.

सुंदरम्मानं माझ्याकडं पाहिलं. कित्येक दिवसांनी सरळ पाहिलं. "पास," ती म्हणाली. "सोमवारपासून वॉर्डात."

प्रियंकानं तिला मिठी मारली, मायाक्कानं कानशिलावर बोटं मोडली.  बिरुदेव मात्र उठला नाही. तो विचारात पडला होता.

"अक्का," तो म्हणाला, "त्या म्हातारीचा पोरगा खरंच येत न्हाय?"

"खरंच नाही."

"मंग तू जाशील का परत तिकडं?"

"तिनं बोलावलं तर जाईन," सुंदरम्मा म्हणाली आणि चहा टाकायला उठली, कारण सोमवारपर्यंत स्वयंपाकघर तिच्याकडंच होतं.